मयतीची रीत : जालना परिसरातील अंत्यविधींचा इतिहास

जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरकडचा भाग परभणीत होता. अंत्यविधींच्या बाबतीत मात्र इथली गावे महसुली सीमांपेक्षा नद्यांना अधिक धरून राहिली आहेत. दक्षिणेला अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते, मधल्या पट्ट्यात दुधना आहे, जालना शहरातून कुंडलिका जाते आणि उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडून पूर्णा येते. गोदाकाठच्या गावाला दहाव्यासाठी कुठे जायचे हा प्रश्न कधी पडला नाही. आतल्या गावांनी ओढा, तळे किंवा शेतातली विहीर जवळ केली आणि अस्थींसाठी तेवढी गंगा गाठली. इथे गंगा म्हणजे गोदावरीच.

या मुलखातली मृतांना निरोप देण्याची सर्वांत जुनी ज्ञात पद्धत दफनाची आहे. प्रवरेकाठचे दायमाबाद आणि घोड नदीकाठचे इनामगाव इथल्या उत्खननांत जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्या सापडल्या. तिथे लहान मुलांना दोन मातीच्या घटांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरलेले आढळते. मोठ्या माणसांचेही दफन होई, पण अनेकदा घोट्याखालची पावले तोडलेली असत. असे का करत याविषयी अभ्यासकांचे तर्क आहेत. मेलेला परत येऊ नये ही भीती हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध तर्क. हाडे स्वतः काही सांगत नाहीत. भोकरदन, म्हणजे सातवाहनकाळातले भोगवर्धन, त्याच्या कितीतरी नंतरचे. तिथले लोक व्यापारी आणि दानशूर होते; सांची आणि भरहूतच्या बौद्ध स्तूपांवरील दानलेखांत या गावाचे नाव येते. स्तूप हे मुळात अस्थींवर उभारलेले स्मारक, तेव्हा अस्थिपूजेशी या भागाचा संबंधही तेवढाच जुना म्हणावा लागेल.

आज ज्याला ‘शास्त्राप्रमाणे’ म्हणतात त्या विधीची घडण मात्र मध्ययुगातली आहे, आणि तिचा बराच भाग जालन्यापासून दूर नसलेल्या दोन गावांशी जोडलेला आहे. पहिले देवगिरी. यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या काळात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हेमाद्री पंडित तिथे श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख, होता. त्याच्या नावावरील ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या प्रचंड ग्रंथात श्राद्धाचा स्वतंत्र आणि भलामोठा भाग आहे. कोणत्या तिथीला, कोणत्या द्रव्याने, कोणत्या ब्राह्मणाला बोलावून श्राद्ध करावे, याविषयी आधीच्या स्मृतींत आणि पुराणांत विखुरलेली मते त्यात एकत्र केली आहेत. दुसरे गाव पैठण. तिथले रामेश्वरभट्ट काशीला जाऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट हे सोळाव्या शतकातले काशीतले सर्वांत वजनदार धर्मशास्त्री. ‘अंत्येष्टिपद्धति’ ही त्यांचीच रचना. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला आणि त्यात हेमाद्रीचा आधार पदोपदी घेतला. पुढे १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी ‘धर्मसिंधु’ लिहिला. मराठी मुलखातल्या भिक्षुकाच्या घरी गेली दोनशे वर्षे सापडणारा ग्रंथ हाच. सुतक किती दिवसांचे, परदेशी वारलेल्याचे काय, देह सापडला नाही तर काय करावे, असे व्यवहारी प्रश्न लोक आजही गुरुजींना विचारतात, आणि उत्तरे बहुधा याच परंपरेतून येतात. काशीहून आलेले म्हणून जे शास्त्र मानले गेले, ते बऱ्याच अंशी पैठणहून काशीला गेलेल्या घराण्याने मांडलेले होते.

याच पैठणात त्या शास्त्राला धक्का देणारी गोष्टही घडल्याचे परंपरा सांगते. संत एकनाथांनी पितरांच्या श्राद्धासाठी शिजलेले अन्न आधी महारवाड्यातल्या भुकेल्यांना वाढले आणि त्यामुळे पैठणचे ब्रह्मवृंद रुसले, ही कथा महिपतींनी अठराव्या शतकात संतचरित्रांत सांगितली. इतिहास म्हणून ती तपासता येत नाही. पण गावोगावच्या कीर्तनांत ती सांगितली गेली, आणि श्राद्धाचे जेवण कुणाच्या मुखी पडावे हा प्रश्न तिने उघडा ठेवला. एकनाथांनी १५९९ मध्ये गोदावरीत देह ठेवला. फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांची नाथषष्ठी भरते. घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ या समर्थ रामदासांच्या जन्मगावी जन्मोत्सव होतो, तर रामदासी परंपरेत माघ वद्य नवमी, म्हणजे समर्थांच्या निर्याणाची तिथी, दासनवमी म्हणून पाळतात. जालना शहरात सतराव्या शतकातले सूफी जान मुहंमद, ज्यांच्या आश्रमात लपवलेल्या संपत्तीवरून १६७९ च्या मराठ्यांच्या स्वारीत वाद झाला, त्यांचा दर्गा आहे, आणि दर्ग्याचा उरूस हाही मुळात मृत्युदिनच असतो. संतांचा मृत्युदिन सण म्हणून पाळण्याची ही सवय पुढे घराघरांत उतरली असावी. अलीकडे शेतकरी कुटुंबे वडिलांच्या ‘प्रथम पुण्यस्मरणाला’ कीर्तन ठेवतात, मंडप घालतात, पत्रिका छापतात. त्याचा साचा धर्मसिंधुपेक्षा नाथषष्ठीच्या जवळचा आहे.

ग्रंथातला विधी आणि गावातली मयत यांच्यात अंतर होते. बहुसंख्य कुणबी, माळी, धनगर, वंजारी कुटुंबांत वेदमंत्रांचा प्रश्नच नव्हता. जोशी आला तर दहाव्याला पिंडापुरता येई. बाकी सारी रीत माणसे पाठांतराने चालवत. माणूस गेला की तोंडात तुळशीपत्र आणि गंगेचे पाणी, अंघोळ, नवे वस्त्र. सवाष्ण बाई गेली तर हिरवे लुगडे, हळदकुंकू, बांगड्या आणि ओटी. तिच्या मयतीला बायका मान म्हणून कुंकू लावत, विधवेच्या वाट्याला मात्र यांतले काही येत नसे. चार खांदेकरी, पुढे विस्तवाचे गाडगे धरलेला मुलगा. अर्ध्या वाटेवर विसावा, तिथे खांदे बदलायचे आणि एक खडा उचलायचा. हाच जीवखडा दहाव्यापर्यंत जपायचा. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या पाण्याच्या मडक्याला भोके पाडायची आणि शेवटी ते मागे टाकून फोडायचे. तिसऱ्या दिवशी राख सावडणे, दहाव्या दिवशी नदीवर पिंड आणि कावळ्याची वाट, तेराव्याला गोड जेवण. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही म्हणून भावकी आणि सोयरे भाकरी-पिठले घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. या साऱ्यात दु:खाला सर्वांत जास्त आधार बहुधा या कडू घासाचाच होत आला आहे, आणि कोणत्याही पोथीत त्याला मंत्र नाही.

वारकरी घराची मयत यापेक्षा वेगळी ओळखू येते. गावची भजनी मंडळी टाळ-मृदंग घेऊन पुढे चालतात, मृताच्या गळ्यात तुळशीची माळ असते, कपाळाला बुक्का लावतात. वारी केलेल्या माणसाला अभंगांच्या गजरात पोचवणे हा त्याचा हक्कच समजला जातो. जन्मभर पाळलेल्या निष्ठेनुसार निरोप वेगळा होण्याचे हे या भागातले जुने आणि सर्वांत सहज स्वीकारले गेलेले उदाहरण म्हणता येईल.

या सगळ्यामागे जातवार वाटून दिलेले श्रम होते, आणि गावाच्या आठवणी सांगताना हाच भाग हमखास गाळला जातो. तिरडीचे बांबू बुरूड देई किंवा गावातून कापून आणले जात, गाडगी-मडकी कुंभाराची, दहाव्याचे क्षौर न्हाव्याकडे, सुतकाचे कपडे धुणे परटाकडे. मयतीची वर्दी घेऊन दहा-बारा कोस पायी जाणे, सरपण वाहणे, ही कामे महारांवर लादलेली होती. पाऊस असो की ऊन, वर्दी देणाऱ्याने निघायचे आणि त्या गावात जाऊन दूर उभे राहून निरोप सांगायचा. मोबदला म्हणून प्रेतावरचे कापड आणि सुगीला बलुते. त्याच्या स्वतःच्या घरी मयत झाली तर वर्दी द्यायला कुणी नव्हते आणि गावाच्या मसणवट्यात जागाही नव्हती. स्मशानाच्या आधाराने जगणारी आणखी एक जमात म्हणजे मसणजोगी. मूळची तेलंगणाकडची ही भटकी जमात मराठवाड्यात पसरली. मसणवट्याची राखण आणि मयतीच्या घरची भिक्षा हे तिचे परंपरेने आलेले साधन. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत तिचे नाव आहे.

दहन हीच हिंदूंची एकमेव रीत, असा समज शहरांत आहे. या जिल्ह्यात तो टिकत नाही. जंगल इतके तुटपुंजे आहे की लाकूड नेहमीच महाग होते, आणि गरीब जातींत पुरण्याची चाल सर्रास होती. जिथे दहन होई तिथे लाकडाला गोवऱ्यांची जोड असे. दात न आलेल्या मुलांना सगळेच पुरतात. लिंगायतांत मृताला बसवून, इष्टलिंग हाती देऊन समाधी देतात आणि जंगम त्याचे विधी करतो. गोसावी आणि नाथपंथीयांतही बैठी समाधी असते. भोकरदन तालुक्यातला जाळीचा देव हे महानुभावांचे मोठे ठाणे. या पंथात दफन होते आणि त्यात मीठ वापरण्याची जुनी रीत नोंदलेली आहे. पिंड आणि श्राद्ध पंथाला मान्य नाही. जालन्याच्या बाजारपेठेत स्थिरावलेल्या जैन कुटुंबांत दहन होते, पण पिंडदान नसते. मारवाडी व्यापाऱ्यांत तिसऱ्या दिवशी उठावणा करून दुखवट्याची मुख्य बैठक आटोपते. मुसलमानांची दफनाची पद्धत जनाजाच्या नमाजसह सर्वत्र सारखी असली तरी गावोगावच्या कब्रस्तानांच्या जमिनी निजामकाळातल्या इनामांशी जोडलेल्या आहेत, म्हणून त्यांचा इतिहास महसूल दप्तरात शोधावा लागतो.

नावाची पाटी असलेली कबर ही इथे परक्या फौजांबरोबर आली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असई गावापाशी, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. इंग्रजांकडचे सुमारे दीड हजार लोक ठार आणि जखमी झाले. मराठ्यांकडची हानी त्याहून मोठी होती. पडलेल्या शिपायांपैकी फारच थोड्यांचे अंत्यविधी त्यांच्या त्यांच्या रीतीने झाले असतील. पुढे हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या फौजेची, छावणी जालन्यात १८२७ च्या सुमारास उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. तिच्याबरोबर चर्च आणि ख्रिस्ती दफनभूमी आली. शहराबाहेर नारायण शेषाद्रींनी, म्हणजे १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या आणि स्कॉटिश फ्री चर्चसाठी काम करणाऱ्या ब्राह्मण धर्मोपदेशकाने, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही वसाहत वसवली. तिथे आलेली बहुतेक कुटुंबे महार-मांग समाजातली होती. पुरणे त्यांना नवे नव्हते. नवी होती ती मराठीतली प्रार्थना, पेटी, आणि ज्याला गावात कुणी नावाने हाक मारत नसे त्याचे नाव कोरलेला दगड.

१९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद ही गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि अस्थींचा प्रवास बदलला. तोवर जालन्याची माणसे बैलगाडीने शहागड किंवा पैठण गाठत. आता मनमाडला गाडी बदलून नाशिकच्या रामकुंडावर जाणे साध्या घरालाही परवडू लागले. तिथे ओढ दोन गोष्टींची: रामकुंडात अस्थी विरघळतात ही श्रद्धा, आणि तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नावे, गाव, पूर्वी कोण कोण येऊन गेले हे त्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरले जाते. ज्या घरांचा अन्य कुठलाही लेखी वंशवृक्ष नाही, त्यांचे खापरपणजोबा नाशिकला, त्र्यंबकला किंवा पैठणला अशा वहीत सापडतात. पैठणचे महत्त्व मात्र त्यामुळे संपले नाही. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण होऊन नदीचे रूप पालटले, तरी दहाव्याच्या गर्दीत तिथला घाट आजही भरलेला असतो.

आपल्या मृत्यूनंतर काय व्हावे हे जाणूनबुजून, कागदावर लिहून ठेवणाऱ्या आधुनिक मराठी माणसांत जोतीराव फुले अग्रभागी येतात. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटाविना लग्न आणि भटाविना अंत्यविधी यांचा आग्रह धरला. फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्याविषयीचे विवेचन आहे. स्वतःचा देह जाळू नये, मीठ घालून पुरावा, असे त्यांनी मृत्युपत्रात नोंदवले होते आणि पुण्यातल्या घराच्या आवारात जागाही ठरवली होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले तेव्हा वस्तीत दफनाला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही, आणि दहन करावे लागले. टिटवे, म्हणजे मयतीपुढचे विस्तवाचे गाडगे, कुणी धरायचे यावरून भाऊबंदांनी दत्तकपुत्र यशवंताला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनीच टिटवे धरून अग्नी दिला. पत्नीने अग्नी देण्याचे उदाहरण म्हणून ही घटना आज जालन्यातही सांगितली जाते. इच्छा लिहून ठेवली तरी कायद्यापुढे ती अडू शकते, ही तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही.

मराठवाड्यात खोलवर पोचलेला बदल आंबेडकरी चळवळीचा. मयतीची वर्दी नेणे आणि मेलेली ढोरे ओढणे बंद करा, हा आदेश गावोगाव पोचला आणि त्यावरून बहिष्कारही सोसावे लागले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्मदीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची स्पष्ट प्रतिज्ञा आहे. दोन महिन्यांच्या आतच, ७ डिसेंबरला, मुंबईच्या दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले, आणि लाखो लोकांनी नवा विधी प्रत्यक्ष पाहिला. जालना परिसरातल्या बौद्ध घरांत आज मयतीला त्रिशरण-पंचशील होते, पांढरे वस्त्र असते, नंतर जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. कावळ्याची वाट कुणी पाहत नाही. पाहुण्यांना मृताचे जीवन सांगणारी भाषणे हा या कार्यक्रमाचा गाभा. मेलेल्या माणसाविषयी त्याच्या अंत्यविधीत चार शब्द बोलण्याची पद्धत मराठवाड्याच्या खेड्यांत रुजवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी या कार्यक्रमांना द्यावे लागेल.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत जिल्ह्यातल्या हिंदू घरांची रीतही हलली आहे. दहाव्याला नदीकाठी प्रवचन ठेवणे आता जवळपास नियम झाले आहे. प्रवचनकार महाराजांची तारीख मिळेल त्याप्रमाणे वेळ ठरते. चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागतो आणि वर्दी व्हॉट्सॲपवरून जाते. तेराव्याचा खर्च हा कर्जाचा विषय आहे, म्हणून काही गावांनी ग्रामसभेत तेराव्याच्या जेवणावळी बंद केल्या, काही घरांनी तो पैसा शाळेला दिला. राख नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन त्यावर आंबा किंवा चिंचेचे झाड लावणारी कुटुंबे वाढत आहेत. कोरड्या नद्यांच्या जिल्ह्यात याला पर्यावरणाइतकेच व्यवहाराचेही कारण आहे. मुलगा नसलेल्या घरांत मुली खांदा देतात आणि अग्नी देतात. त्याची बातमी अजून छापली जाते, म्हणजे ते अजून नित्याचे झालेले नाही.

जागेचा प्रश्न मात्र जुनाच राहिला. अनेक गावांत जातीजातींच्या स्मशानभूमी वेगळ्या आहेत, काहींकडे जायला रस्ता नाही, काहींवर शेड नाही, आणि भर पावसात चितेवर पत्रे धरून उभे राहावे लागते. राज्याच्या जनसुविधा योजनेतून ग्रामपंचायतींना स्मशानभूमीच्या कामासाठी अनुदान मिळते. दहनशेड, रस्ता, पाण्याची टाकी ही त्यातली नेहमीची कामे. २०२० च्या करोनाकाळात अंत्यविधीला वीसच माणसे असावीत असा नियम आला, करोनाने वारलेल्यांचे देह बहुतेक वेळा घरी आलेच नाहीत, आणि राख सावडण्यापासून तेराव्यापर्यंतचे सारे टप्पे कुटुंबांनी आपापल्या परीने आखडते घेतले. त्यानंतर बऱ्याच घरांनी तीन किंवा पाच दिवसांतच सर्व विधी उरकण्याची पद्धत कायम ठेवली.

विधीच नको असे ठरवणाऱ्यांसाठी देहदानाचा मार्ग आहे. राज्यातले देहदान मूळच्या १९४९ च्या शरीरशास्त्रविषयक कायद्याखाली चालते. या भागासाठी १९५६ मध्ये सुरू झालेले औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे जुने केंद्र, आणि बदनापूर तालुक्यात वरुडीलाही आता वैद्यकीय महाविद्यालय आहे. इच्छापत्र भरताना साक्षीदार आणि जवळच्या नातेवाइकांच्या सह्या घेतात. अपघाती मृत्यू होऊन शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारत नाहीत, आणि मृत्यूनंतर काही तासांत कळवावे लागते. कळवण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते. त्यांना ते मान्य नसेल, किंवा भावकीपुढे बोलायचे धाडस झाले नाही, तर देह नेहमीच्या वाटेने मसणवट्यात जातो आणि भरलेला फॉर्म कपाटातच राहतो.